इमाम गझालींच्या आयुष्यातील सहा महिने



इमाम गझाली रहमतुल्लाह अलैह हे नाव आपल्या घरांतून अपरिचित नाही. कित्येकांच्या घरी आजोबांच्या वेळेची ‘कीमिया-ए-सआदत’ची उर्दू प्रत फडताळात जपून ठेवलेली असते. जुम्याच्या बयानात मौलाना त्यांचा दाखला देतात. हुज्जतुल इस्लाम ही त्यांची पदवी तर मुलांनाही पाठ असते. परंतु माणूस फार मोठा झाला की आपण त्याला उंच कोनाड्यात ठेवून देतो. त्यालाही भीती वाटत होती, त्याचाही जीव कासावीस होत होता, हे मग आपल्या ध्यानातच येत नाही.

प्रस्तुत लेखात इमामसाहेबांच्या तत्त्वज्ञानाचा ऊहापोह करण्याचा विचार नाही. ते काम आलिम मंडळींचे. सांगायचे आहे ते एवढेच की, इ. स. १०९५ च्या उन्हाळ्यात आपल्या काळातील या सर्वांत नामवंत शिक्षकाचे मन आजारी पडले. त्यांची वाचा बसली, अन्न घशाखाली उतरेना. आणि नवल असे की, हे सारे त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, लपविले नाही. ज्या समाजात मनाचे दुखणे म्हणजे ईमानाचा कमकुवतपणा किंवा कोणाची तरी नजर असे अजूनही मानले जाते, त्या समाजाने ही हकीकत नीट वाचली पाहिजे असे मला एक शिक्षक म्हणून वाटते.

मुहम्मद गझालींचा जन्म इ. स. १०५८ च्या सुमारास, म्हणजे हिजरी ४५० मध्ये, खुरासानातील तूस येथे झाला. काही अभ्यासक हे साल दोन-तीन वर्षे मागे नेतात. आजच्या इराणमधील मशहद शहराजवळ या जुन्या नगराचे अवशेष आहेत. वडील लोकर कातून विकत असत असे चरित्रकार सांगतात. स्वतः शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसण्याची त्यांना भारी हौस. मृत्युसमयी त्यांनी मुहम्मद आणि धाकटा अहमद या दोन्ही मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले. जवळ होते नव्हते ते पैसे मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून त्याच्या हाती दिले. पैसे लवकरच संपले. मित्र बिचारा स्वतःच फकीर. त्याने मुलांना मदरशात नाव घालण्याचा सल्ला दिला. कारण तेथे विद्यार्थ्याच्या जेवणाखाण्याची सोय होत असे. म्हणजे पुढे ज्याच्या ज्ञानाचा डंका बगदादपासून स्पेनपर्यंत वाजला, तो मुलगा मदरशात प्रथम गेला तो पोटासाठी! ही गोष्ट गझाली पुढे स्वतः सांगत असत. वसतिगृहात दोन वेळचे जेवण मिळते म्हणून शाळेत येणाऱ्या मुलांनी यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

विद्यार्थीदशेतील एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. जुर्जानहून शिकून परत येताना त्यांचा काफिला लुटला गेला. लुटीत त्यांच्या टिपणांची थैलीही गेली. हा तरुण लुटारूंच्या मागे धावला आणि ती थैली तेवढी परत द्या, माझी सारी विद्या तीत आहे, अशी विनवणी करू लागला. टोळीचा नायक हसला. थैली गेली की जी विद्या जाते ती तुझी कसली, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्याने थैली परत केली. गझालींना तो टोला असा लागला की पुढची तीन वर्षे त्यांनी ती सर्व टिपणे मुखोद्गत करण्यात घालविली. अपमान झाल्यावर माणूस एकतर चिडतो किंवा खचतो. येथे त्या अपमानातून खरे तेवढे निवडून घेतलेले दिसते.

पुढे निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी यांच्याजवळ त्यांचे शिक्षण झाले. इ. स. १०८५ मध्ये गुरू वारले. त्यानंतर सेल्जुक सुलतानाचा कर्तबगार वजीर निजामुल मुल्क याच्या दरबारात गझाली गेले आणि इ. स. १०९१ मध्ये त्याने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे तेहतीसच्या घरात. समोर तीनशे विद्यार्थी. खलिफाच्या दरबारात मान. बगदादमध्ये ते आले तेव्हा त्यांचा पोशाख व स्वारीचे जनावर यांची किंमत लोकांनी पाचशे दीनार केली होती, अशी नोंद आहे. त्यांना ओळखणारे समकालीन लेखक अब्दुल गाफिर फारिसी यांनी तर स्पष्टच लिहिले आहे की, त्या काळी गझालींच्या वागण्यात घमेंड होती आणि ते इतरांना कस्पटासमान लेखीत.

तीनशे मुलांना शिकवायचे, शरियतच्या प्रश्नांवर ग्रंथ लिहायचे आणि उरलेल्या वेळात कोणाचीही मदत न घेता ग्रीक तत्त्वज्ञान वाचून काढायचे, असा त्यांचा तेथील क्रम होता. तत्त्वज्ञांचे खंडन करणारा ‘तहाफुतुल फलासिफा’ हा ग्रंथ याच धबडग्यात, इ. स. १०९५ च्या आरंभी पुरा झाला. दरम्यान बाहेर काय चालले होते? इ. स. १०९२ मध्ये निजामुल मुल्कची वाटेत हत्या झाली. पाठोपाठ काही आठवड्यांतच सुलतान मलिकशाह वारला. गादीसाठी त्याच्या घराण्यात लढाया जुंपल्या. ज्याच्या आधाराने गझाली उभे होते तो खांबच कोसळला होता. ते मात्र शिकवीत राहिले, लिहीत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला सारे ठीक दिसत होते. आपल्या घरातही अशी माणसे असतात. कामावर जातात, हसून बोलतात, आणि आत काय चालले आहे याचा कोणालाच पत्ता नसतो.

गझालींनी लिहिले आहे ते असे. आपण हे शिकवितो ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर आले, की अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी आणि मानमरातबासाठी. हे उत्तर त्यांना सहन होईना. बगदाद सोडून जावे असे एके दिवशी ठरवीत, दुसऱ्या दिवशी तो बेत रद्द. एक पाऊल पुढे, एक मागे. सकाळी निश्चय पक्का व्हावा, संध्याकाळी ऐहिक इच्छांची फौज येऊन त्याचा धुव्वा उडवावा. रजब ४८८ पासून, म्हणजे जुलै १०९५ पासून, हे सुमारे सहा महिने चालले. मग एक दिवस जीभच चालेना. समोर विद्यार्थी बसलेले, त्यांची मने राखण्यासाठी तरी आज शिकवावे असे त्यांना वाटे. पण तोंडातून एक शब्द फुटत नसे. या मुकेपणाचे दुःख काळजात उतरले. भूक मेली. घोटभर रस्सा घशाखाली उतरेना, घासभर अन्न पचेना. शक्ती क्षीण झाली.

हकीम आले. बगदादचे हकीम म्हणजे त्या काळी जगात पहिल्या प्रतीचे. त्यांनी काढलेले निदान आज नऊशे वर्षांनीही थक्क करते. हा विकार हृदयात उत्पन्न झाला आहे आणि तेथून शरीराच्या प्रकृतीत पसरला आहे. जोवर मनाला लागलेली गुप्त चिंता दूर होत नाही तोवर औषधाचा उपयोग नाही, असे सांगून त्यांनी हात टेकले. त्यांनी नाटक म्हटले नाही, आळस म्हटला नाही, ईमानात खोट आहे असेही म्हटले नाही. आजाराला आजार म्हटले.

येथे थोडे विषयांतर करतो. हे ज्ञान त्या हकिमांना आकाशातून मिळालेले नव्हते. बल्खचे अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने (मृत्यू इ. स. ९३४) त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहून ठेवला होता. राग, भीती, दुःख आणि मनात पुन्हा पुन्हा येणारे वसवसे यांवर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. शरीर आणि मन एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एक दुखले की दुसरे दुखणारच, हे त्यांनी मांडले. घरात आपण जशी दुखण्याखुपण्याची औषधे आधीच आणून ठेवतो, तसे बऱ्या दिवसांत मनाला धीर देणारे विचार साठवून ठेवावेत आणि वाईट दिवसांत ते काढावेत, असा त्यांचा सल्ला आहे. आपल्या पोरांना आपण इब्न सीनाचे नाव शिकवितो. बल्खींचेही शिकवायला हवे.

गझालींनी अखेर बगदाद सोडले. नोव्हेंबर १०९५. मक्केला जातो असे सर्वांना सांगितले. मनात शाम प्रांतात, म्हणजे सीरियात जाऊन राहायचे होते. पण ते खलिफाला आणि मित्रांना कळू दिले नाही, कारण कळले असते तर त्यांना जाऊ दिले नसते. जाण्यापूर्वी त्यांनी मालमत्ता वाटून टाकली. मात्र मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून मगच. वर्गही वाऱ्यावर सोडला नाही. त्यांच्या जागी भाऊ अहमद शिकवू लागले. ही बाब मला महत्त्वाची वाटते. वैराग्याच्या कथा सांगताना आपण फेकून दिलेल्या दौलतीचे वर्णन रंगवून करतो. मुलांच्या भाकरीची तजवीज मात्र कोणी सांगत नाही. अर्थात, त्या घरातील बाईने पुढची वर्षे कशी काढली याविषयी ग्रंथ मुके आहेत, हेही लक्षात ठेवावे.

लोकांनी तर्क लढविलेच. इराकबाहेरच्यांना वाटले, सरकारची खप्पामर्जी झाली असणार. जवळचे लोक पाहत होते की अधिकारी उलट त्यांना राहा म्हणून गळ घालीत आहेत. तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला की मुसलमानांना नजर लागली! आजचे काही इतिहासकारही राजकीय भीतीचे कारण पुढे करतात. तेही असेल. आश्रयदात्याच्या खुनानंतर कोण निर्धास्त झोपेल? परंतु मनाचे दुखणे एकाच कारणाने क्वचितच होते. लहानपणी गेलेला बाप, अंगावर घेतलेले डोंगराएवढे काम, भोवतालची रक्तपाताची हवा आणि त्यात स्वतःशी प्रामाणिक राहण्याची धडपड, या साऱ्यांचा भार त्या जिभेवर आला असावा असे माझे मत आहे.

दमास्कसच्या जामे मशिदीत ते राहिले. दिवसभर मिनारावर जाऊन दार आतून लावून घेत. नमाज, जिक्र आणि एकांत. पुढे जेरुसलेमला कुब्बतुस सख्रामध्येही हाच क्रम. (इ. स. १०९९ मध्ये ते शहर क्रुसेडवाल्यांच्या हाती पडले. तोवर गझाली तेथून निघून गेले होते.) हेब्रॉन येथे हजरत इब्राहीम यांच्या मजारीपाशी त्यांनी तीन गोष्टींची प्रतिज्ञा केली. राजदरबारात जायचे नाही, राज्यकर्त्यांचा पैसा घ्यायचा नाही, आणि वादविवादात पडायचे नाही. नीट पाहिले तर ही तीनच गोष्टी त्यांना बगदादमध्ये आतून पोखरीत होत्या. माणसाला आपल्याला काय सोसत नाही हे कळणे हीच निम्मी दवा. त्यानंतर इ. स. १०९६ चा हज झाला. मग घराची ओढ लागली. मुलांच्या हाका आल्या आणि ते मायदेशी परतले असे ते स्वतः लिहितात. एकांताची गोडी होतीच. पण संसार, रोजीरोटी आणि काळाच्या घडामोडी मध्ये येत, मन विस्कटे, आणि ते पुन्हा त्याला वळवून आणीत. अशी दहा-अकरा वर्षे गेली. मिनार चढला आणि दुसऱ्या दिवशी बरे झाले, असे नाही!

या वर्षांतील फळ म्हणजे चाळीस खंडांचा ‘इह्याउल उलूम’. त्यात नमाज-रोजाची प्रकरणे आहेत, तशीच राग, मत्सर, लोभ, गर्व, भीती आणि आशा यांचीही आहेत. ज्याने मनाचा विकार भोगला त्यानेच मनाचे वैद्यक लिहिले आहे, हे पानोपानी जाणवते. रागाचेच घ्या. राग मुळापासून उपटून टाका असे ते म्हणत नाहीत. कारण रागच नसेल तर माणूस स्वतःचे आणि आपल्या माणसांचे रक्षण करणार कसा? राग हा शिकारी कुत्र्यासारखा आहे. त्याला मारायचे नाही, शिकवायचे आहे. राग आला की आधी त्याचे कारण तपासावे. पुष्कळदा आपण गप्प बसलो तर लोक दुबळे म्हणतील, हीच भीती रागाच्या पोटात असते. आणि तोवर शरीरालाही काही करू द्यावे. उभे असाल तर बसा, बसले असाल तर आडवे व्हा, गार पाण्याने वुजू करा. दहावीच्या वर्गात दोन मुले हमरीतुमरीवर आली की मी त्यांना नळावर पाठवितो. तोंड धुऊन परत येईपर्यंत निम्मे भांडण वाहून गेलेले असते.

मत्सराच्या बाबतीतही त्यांची दृष्टी अशीच व्यवहारी आहे. दुसऱ्याकडे आहे ते नाहीसे व्हावे असे वाटणे हा मत्सर. ते त्याच्याकडे राहो, मलाही मिळो, असे वाटणे यात गैर नाही. आणि मत्सर वाटलाच तर मन वळण्याची वाट पाहत बसू नये. ज्याचा हेवा वाटतो त्याची चारचौघांत स्तुती करावी. प्रथम जीभ जड होते, पण सवयीने कडूपणा उतरतो. शेजाऱ्याच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि आपल्याला नाही, अशा दिवशी हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

व्यापाऱ्याचा दाखला त्यांना फार आवडतो. व्यापारी सकाळी भागीदाराशी अटी ठरवितो, दिवसभर लक्ष ठेवतो आणि रात्री हिशेब घेतो. तसाच हिशेब आपल्या नफ्साकडून घ्यावा, असे ते सांगतात. आपला दोष आपल्यालाच दिसत नाही, त्यावर त्यांनी चार मार्ग दिले आहेत. जाणता गुरू, खरे बोलणारा मित्र, निंदा करणारा शत्रू आणि भोवतालच्या लोकांचे निरीक्षण. शत्रूची जीभही उपयोगी पडते, हे लिहिताना त्यांना तो लुटारूंचा नायक आठवला असेल काय, असे माझ्या मनात येते. मात्र सर्वांना एकच औषध चालत नाही हेही त्यांनी बजावले आहे. हकीम जसा प्रकृती, वय आणि ऋतू पाहून औषध देतो, तसेच गुरूने करावे.

पालकांसाठी तर एक भाग मुद्दाम वाचून दाखवावा असा आहे. मूल ही आईबापांकडे सोपविलेली अमानत आहे, असे सांगून ते पुढे म्हणतात की, मदरशातून आल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा. खेळ बंद करून त्याला सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे हृदय मरते, बुद्धी बोथट होते, जगणे नकोसे होते आणि मग ते त्यातून सुटण्याच्या पळवाटा शोधू लागते. मुलाची पहिली चूक दिसली तर ती न दिसल्यासारखी करावी. चारचौघांत उघडी पाडू नये. पुन्हा झाली तर एकांतात समजवावे. सदासर्वदा बोलत राहू नये, कारण मग बोलणेच कानाला सवयीचे होते. शाळा, तीवर शिकवणी, तीवर आणखी एक शिकवणी, आणि घरी आल्यावर अब्बांचा चढलेला आवाज, अशा चक्रात आपली मुले आहेत. गप्प झालेले, जेवण टाकलेले मूल वर्गात बसलेले दिसते तेव्हा घरून निरोप येतो की, नाटके करतो, जरा दम द्या. बगदादच्या हकिमांना जे कळले ते आपल्याला कळू नये? ताईत बांधायचा तर बांधा. दुआ तर केलीच पाहिजे. पण मनाच्या डॉक्टरकडेही न्या. गझालींनीही हकिमाला नाडी दाखविली होती.

इ. स. ११०६ मध्ये निजामुल मुल्कचा मुलगा वजीर फख्रुल मुल्क याच्या आग्रहावरून गझाली निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवू लागले. प्रतिज्ञा मोडली, असे कोणी म्हणेल. त्यांनी यावर बराच विचार केलेला दिसतो. अनेक भल्या माणसांचा सल्ला घेतला, आणि एकांत सोडण्याची वेळ आली आहे असा कौल मिळाल्यावरच ते गेले. परत आलो म्हणजे पूर्वीच्या जागी परत आलो असे नव्हे, हे त्यांनी आवर्जून नोंदविले. पूर्वी ते मान मिळवून देणारे ज्ञान शिकवीत. आता मान सोडायला लावणारे ज्ञान शिकवू लागले. याच सुमारास ‘अल मुन्किज’ हे आत्मकथन त्यांनी लिहिले आणि बंद पडलेल्या जिभेची कथा जगाला सांगितली. अब्दुल गाफिर फारिसी या काळात त्यांना वरचेवर भेटले. जुनी घमेंड त्यांना ठाऊक होती. म्हणून ही नम्रता सोंग तर नव्हे, अशी शंका त्यांना आली. त्यांनी बारकाईने पारखले आणि लिहिले की, माणूस खरोखर बदलला आहे. पाचशे दीनारांच्या पोशाखाची नोंद ज्याने केली, त्यानेच पुढच्या साध्या कपड्यांची किंमत पंधरा कीरात, म्हणजे दीनाराहूनही कमी, लिहून ठेवली आहे.

काही काळाने निशापूर सोडून ते तूसला आले. घराशेजारी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह काढली. कुरआनचे पठण, हदीसचा अभ्यास, विद्यार्थ्यांना शिकविणे, असा दिवस वाटून दिलेला होता. आयुष्याच्या शेवटी शेवटी बगदादच्या निजामियाची तीच खुर्ची पुन्हा चालून आली. या वेळी एक पाऊल पुढे, एक मागे असे झाले नाही. येथे माझे विद्यार्थी आहेत, माझे कुटुंब आहे आणि हेब्रॉनची माझी प्रतिज्ञा आहे, असे कळवून त्यांनी नकार दिला.

१८ डिसेंबर ११११ रोजी, सोमवारी, तूस येथे त्यांचे निधन झाले. भाऊ अहमद यांनी सांगितल्याचे म्हणतात की, त्या पहाटे त्यांनी वुजू केला, फज्रची नमाज अदा केली, कफन मागवून घेतले, त्याचे चुंबन घेतले, डोळ्यांना लावले आणि किब्ल्याकडे पाय करून ते आडवे झाले. सूर्य उगवण्यापूर्वीच ते गेले. वय त्रेपन्नच्या आसपास होते. मागे फक्त मुली होत्या.